मागे वळून बघ ना! – 'नॉर्थ अँड साउथ' (२००४) आणि आपापली पारायणं

सांजवात

दर पावसाळ्यात मला एकदा तरी ताप येतो, आणि ताप आला की मी 'नॉर्थ अँड साउथ' लावते. बीबीसीची, २००४ सालची, चार भागांची. याच नावाची अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची एक मालिका आहे, ती नव्हे. चार भाग म्हणजे साधारण चार तास, मध्ये पेज आणि गोळी. पंधरा-सोळा पारायणं झाली असतील. घरच्यांना वाटतं मी तापाची वाट बघते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलिझाबेथ गॅस्केलची कादंबरी, डिकन्सच्या साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ क्रमशः आलेली. मार्गारेट हेल ही इंग्लंडच्या दक्षिणेतल्या हेल्स्टन नावाच्या हिरव्यागार खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी. वडिलांना धर्माबद्दल शंका येतात, ते नोकरी सोडतात आणि बायको-मुलीला घेऊन उत्तरेला मिल्टनला येतात. मिल्टन म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर, जिथे गॅस्केलबाई स्वतः राहायच्या. तिथला गिरणीमालक जॉन थॉर्नटन मार्गारेटच्या वडिलांकडे शिकवणीला यायला लागतो. शिकायचं वय उलटून गेल्यावर, दिवसभर गिरणी चालवून संध्याकाळी ग्रीक वाचणारा माणूस. इथेच मी अर्धी गारद.

उरलेली अर्धी गारद व्हायला तीन प्रसंग आहेत.

पहिला, मार्गारेट गिरणीचं दार ढकलते तो. आत साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, रांगाच रांगा आणि हवेत कापूस तरंगतोय, बर्फ पडावा तसा. क्षणभर सुंदर दिसतं. मग वर उभा असलेला थॉर्नटन ओरडत खाली धावतो, कारण कोणीतरी कामावर विडी-काडी पेटवलेली असते, आणि तो त्या कामगाराला बदडून काढतो. नायकाची नायिकेला झालेली ही पहिली ओळख! नंतर मार्गारेट मावसबहिणीला पत्रात लिहिते की मी नरक पाहिला, तो पांढराशुभ्र आहे.

दुसरा, बर्फातला. तिने त्याला नकार दिलाय, तिचे आईवडील दोघंही गेलेत, ती मिल्टन सोडून निघालीय. घोडागाडी निघते. थॉर्नटन दाराशी उभा राहून पुटपुटतो, मागे वळून बघ, माझ्याकडे बघ. ती बघत नाही. थॉर्नटन झालेल्या रिचर्ड आर्मिटेजचा तो आवाज ऐकून माझ्या ओळखीतल्या दोन विवाहित, नोकरदार, गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या बायकांनी उशीत तोंड खुपसलेलं मला माहीत आहे. पैकी एक मी.

तिसरा, फलाटावरचा शेवट. उत्तरेकडे जाणारी गाडी, दक्षिणेकडे जाणारी गाडी, मधल्या स्टेशनवर दोघं समोरासमोर. त्याच्या शर्टाची कॉलर उघडी, गळ्यात क्रॅव्हॅट नाही. त्याच्या खिशात हेल्स्टनच्या कुंपणावरचं पिवळं गुलाबाचं फूल. पुढचं सांगत नाही.

आता गंमत अशी की यातला एकही प्रसंग पुस्तकात असा नाही. मारहाण नाही. 'मागे वळून बघ' नाही. फलाट तर नाहीच. पुस्तकात शेवट होतो लंडनमध्ये, हार्ली स्ट्रीटवरच्या दिवाणखान्यात, आणि सुरुवात होते व्याजाच्या हिशोबाने. मार्गारेट त्याला सांगते की माझे अठरा हजार सत्तावन्न पौंड बँकेत नुसते पडून आहेत, अडीच टक्के मिळतात, तुम्ही जास्त देऊ शकाल. (असा प्रपोज करणारी नायिका मला दुसरीकडे भेटलेली नाही.) गुलाब मात्र पुस्तकातही आहे. पटकथाकार सँडी वेल्शने तो उचलून फलाटावर नेला.

पण हा धागा काढायचं कारण वेगळं आहे.

आमचं घर लालबागचं. बाबा साचेखात्यात, दोन साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांच्यापुरता तो संपलाच नाही. पुढे भाजी विकली, मग एका सोसायटीत वॉचमन. घरात गिरणीचा विषय निघत नाही. बंदी नाही, पण निघत नाही.

गेल्या महिन्यात माझा वार्षिक ताप आला. मी हॉलमध्येच आडवी पडून पहिला भाग लावला. बाबा पेपर वाचत होते. गिरणीचं दार उघडलं आणि पेपर खाली आला.

"ह्यां कसला बोलतत?" बाबा म्हणाले. "साचेखात्यात असा बोललेला ऐकाक येता काय?"

मी म्हटलं, बाबा, सिनेमा आहे.

"आम्ही ओठांवरसून ओळखू. नायतर हातान."

मग पेपर बाजूला ठेवून चारही भाग बघितले. मी अधूनमधून भाषांतर करत होते, फारशी गरज नव्हती. दगडफेकीच्या वेळी सरसावून बसले. बाहेरून आयरिश कामगार आणून मालकाने गिरणी चालू ठेवली तेव्हा तोंडातल्या तोंडात जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी फलाट आला. मी डोळे पुसतेय. स्क्रीनवर दोघं गाडीत बसून निघाले, संगीत वाजलं, नावं वर जायला लागली.

बाबा म्हणाले, "पण गिरण चालू झाली काय गो?"

मी पंधरा वेळा बघितलेली मालिका. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

तर लिहा. तुमचं पारायण कोणतं? पुस्तकात नसलेला कुठला प्रसंग तुमच्या डोक्यात पुस्तकातलाच म्हणून बसलाय? आणि तुमच्या शेजारी बसून कोणी भलताच प्रश्न विचारला का?

अर्धा_कप

हात!!! एवढंच लिहून प्रतिसाद संपवणार होते.

'प्राइड अँड प्रेज्युडिस', जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरचा सिनेमा, २००५, दिग्दर्शक जो राइट. एलिझाबेथ नेदरफिल्डहून निघते, डार्सी तिला हात देऊन गाडीत चढवतो, एक शब्द न बोलता वळतो आणि चालताना त्याची बोटं ताणली जातात. चटका बसल्यावर करतो तसं. दोन सेकंद असतील. त्या दोन सेकंदांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत आणि मी ती सगळी वाचलीत. ऑस्टिनने असलं काही लिहिलेलं नाही.

त्यातलं पहिलं प्रपोजलही पावसात, स्टाउरहेडच्या त्या खांबांच्या देवळात. पुस्तकात ते कॉलिन्सच्या घरी, चार भिंतींत होतं. माझ्या सासूबाई बघता बघता म्हणाल्या, "दहा हजारांचं उत्पन्न आणि घरात छत्री नाही?" तेव्हापासून तो सीन मला सरळ चेहऱ्याने बघता येत नाही.

बाबांचा प्रश्न वाचून मात्र एकदम गप्प झाले गं.

खडूस_वाचक

हाताला माझा आक्षेप नाही, २००५ ला आहे. दोन तासांत एवढी कादंबरी कोंबली की बेनेटबाईंच्या, म्हणजे एलिझाबेथच्या आईच्या, घरात डुकरं फिरतात एवढंच लक्षात राहतं. १९९५ ची सहा भागांची बीबीसी बघा. कॉलिन फर्थ, जेनिफर एली. अ‍ॅलिसन स्टेडमनची बेनेटबाई तर आमच्या वाड्यात राहायची.

पण तुमचा प्रश्न चांगला आहे, म्हणून एक भर. 'डार्सी ओल्या शर्टात तळ्यातून बाहेर येतो' हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. तो पुस्तकात नाही हे बहुतेकांना माहीत असतं. तो पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसने घातला. पण तो मालिकेतही नाही! डार्सी तळ्याकाठी बसतो, उडी मारतो, पाण्याखाली दिसतो, आणि नंतर ओल्या कपड्यांत गवतावरून चालत येतो. पाण्यातून वर येताना कधीच दिसत नाही. तो भाग आपणच मनात चित्रित केला. २०१३ साली लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात डार्सीचा बारा फुटी पुतळा उभा केला होता, छातीपर्यंत पाण्यातून वर आलेला. म्हणजे पुस्तकात नसलेल्या प्रसंगातल्या मालिकेत नसलेल्या क्षणाचा पुतळा.

पुस्तकात त्या जागी काय आहे? तो तबेल्याकडून अचानक समोर येतो आणि दोघंही लाजेने लाल होतात. बस्स. आता लाल होणं कॅमेऱ्यात कसं पकडणार? म्हणून तळं. माफ करतो डेव्हिसला.

अर्धा_कप

@खडूस_वाचक, आत्ता परत लावून बघितलं. खरंच नाही!! माझी पंचवीस वर्षं वाया गेली.

विद्रोही_वडापाव

लेख आवडला, त्यामुळे टोचायचा हक्क घेतो. हे सगळे चाहते ज्याच्यावर जीव टाकतात तो शेवटी मालकच ना? पहिल्याच प्रसंगात कामगाराला लाथा घालणारा. त्या कामगाराला पोरंबाळं आहेत. पण कॅमेरा कोणाच्या डोळ्यांत घुसतो? मालकाच्या. डार्सीचे दहा हजार कुठल्या शेतातून येतात हेही कोणी विचारत नाही. संपावर उतरलेला हिगिन्स हा खरा नायक आहे, पण त्याच्या उघड्या कॉलरवर कोणी उशीत तोंड खुपसत नाही.

तुमच्या वडिलांनी बरोबर प्रश्न विचारला. बाकी सगळं लोणी.

सांजवात

@विद्रोही_वडापाव, टोचलेलं मान्य. हिगिन्स झालेल्या ब्रेंडन कॉइलवर भाळलेल्या एक-दोघी मला माहीत आहेत, पण ते असो.

एक मात्र गॅस्केलबाईंच्या बाजूने. त्यांच्या घराजवळ कामगार वस्त्या होत्या आणि कादंबरीमागे १८५३-५४ चा प्रेस्टनचा संप होता. हिगिन्सची मुलगी बेसी, एकोणीस वर्षांची, फुप्फुसात कापूस जाऊन मरते. ती मार्गारेटला सांगते की खात्याच्या टोकाला एक मोठं चाक बसवलं तर हवा खेळते, धूळ बाहेर जाते. पण चाकाला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही नाही, म्हणून मालक बसवत नाहीत. इथवर आपल्याला कळतं. पुढचं वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं होतं. काही कामगारांनाच चाक नको असतं, कारण कापूस पोटात गेला की भूक कमी लागते. चाक आलं तर पगार वाढायला हवा.

रोमँटिक कादंबरी म्हणून ठेवलेल्या कपाटात हे आहे. म्हणून मला नुसतं लोणी म्हणवत नाही.

गिरणीचं म्हणाल तर पुस्तकात थॉर्नटन कामगारांसाठी खाणावळ काढतो, हिगिन्सच्या सल्ल्याने, आणि कधीतरी त्यांच्यात बसून जेवतो. मार्गारेटचे पैसे गिरणीतच जाणार असतात. बाबांना सांगितलं, चालू झाली असणार. म्हणाले, "असणार म्हणजे?"

भांडुपकर

अवांतर: १८५४ म्हटल्यावर राहवलं नाही. ज्या वर्षी ही कादंबरी छापायला सुरुवात झाली त्याच वर्षी कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली सूतगिरणी काढायचं ठरवलं, ताडदेवला. १८५६ मध्ये ती चालू झाली. म्हणजे बाई तिकडे मिल्टन लिहीत होत्या आणि इकडे आपलं मिल्टन उभं राहत होतं. पुढे १८६१ ला अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद, लँकेशायरच्या गिरण्या थंड आणि आपल्याकडचे कापूसवाले मालामाल. थॉर्नटनची गिरणी सावरली असेल तरी पाच-सात वर्षांतच पुन्हा गाळात. काकांना हे सांगू नका.

निंबोणी

माझं पारायण ऑस्टिनचंच, 'पर्स्वेजन'. १९९५ ची, रॉजर मिशेलची, अमांडा रूट आणि किरन हाइंड्स. दोघंही दमलेले, उन्हाने रापलेले, चारचौघांसारखे दिसतात. आठ वर्षांपूर्वी घरच्यांचं ऐकून नकार दिलेली अ‍ॅन सत्तावीसची झालीय आणि तो, कॅप्टन वेंटवर्थ, आता आरमारातून परत आलाय, श्रीमंत होऊन आणि रागावून. आपल्याकडे 'स्थळ नाकारलं होतं' हे वाक्य ज्या सुरात म्हणतात तो सूर या सिनेमाला सापडलाय.

सांजवातच्या प्रश्नाला माझं उत्तर उलटं आहे. मला जो प्रसंग हवा तो पुस्तकातच आहे: पत्र. खोलीत माणसं बोलतायत आणि वेंटवर्थ एका टेबलाशी बसून तिला पत्र लिहितोय, तिचंच बोलणं ऐकत ऐकत. पण हे पत्र ऑस्टिनच्या पहिल्या खर्ड्यात नव्हतंच! तिथे अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट वेंटवर्थलाच अ‍ॅनकडे धाडतो, घराच्या भाडेकराराबद्दल विचारायला, आणि त्यातून उलगडा होतो. ऑस्टिनने ते खोडलं आणि नव्याने लिहिलं. ती खोडलेली पानं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिच्या सहा प्रमुख कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांतली तेवढीच उरलीत. तब्येत खालावत असताना बसून तिने शेवट बदलला आणि पुढच्या वर्षी गेली. पुस्तक छापलेलं तिने पाहिलं नाही.

म्हणून पटकथाकारांनी प्रसंग बदलले की मी आरडाओरडा करत नाही. बाईनेच बदलला होता.

२०२२ ची नेटफ्लिक्सवाली मात्र सोडून. तिथे अ‍ॅन कॅमेऱ्याकडे बघून विनोद करते. दहा मिनिटांत बंद केली आणि भांडी घासली.

खडूस_वाचक

+१ भांड्यांना.

जाईजुई

तुम्ही सगळे इंग्लंडात अडकलात. माझी पहिली ऑस्टिन दूरदर्शनवर, १९८५ ची 'तृष्णा'. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च होती, हे मला कॉलेजात पुस्तक वाचताना कळलं. पन्नासाव्या पानापर्यंत मी म्हणत होते, या बाईने आपली मालिका चोरली की काय. तरुण धनराजगीरचा गंभीर चेहरा आठवतो आणि आईने गॅस बारीक करून बाहेर येऊन बसणं.

दुसरं, 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन', २०००, राजीव मेनन. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' चेट्टीनाडात. तब्बू, ऐश्वर्या, रहमानचं संगीत. अँग लीच्या १९९५ च्या सिनेमातला अ‍ॅलन रिकमन मला प्रिय आहेच, पण मामूटीचा मेजर बघा. लष्करात पाय गमावलेला, फुलांचा व्यवसाय करणारा, दारूत बुडालेला. पुस्तकातला कर्नल ब्रँडन फ्लॅनेलचा वेस्टकोट घालतो म्हणून मरिअ‍ॅन त्याला म्हातारा ठरवते, वय वर्षं पस्तीस! मामूटीचं दुःख निदान दिसतं तरी. आणि घर सोडून जावं लागणाऱ्या आईमुलींची तगमग आपल्याकडे वेगळी समजवावी लागत नाही.

@सांजवात, माझ्या शेजारचा प्रश्न: डार्सीचं दुसरं प्रपोजल चालू असताना आमचे हे म्हणाले, "याचा पीएफ कोण बघतो?"

पेनाईनवासी

मी धाग्यावर उशिरा आलो, कारण आधी मालिका बघून आलो. बायको पारायणवाली आहे, मी 'चहा करून देतो'वाला होतो. आता आम्ही दोघंही उशीवाले.

वीसेक वर्षं यॉर्कशायरमध्ये आहोत. मालिकेतली गिरणी दोन-तीन जागा जोडून केलीय. बाहेरचा भाग बराचसा कीलीच्या डाल्टन मिल्सचा आणि साचेखातं बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलचं. ते आता संग्रहालय आहे. वाफेचं इंजिन अजून आहे, त्याचं नाव 'पीस', शांतता. त्याच्यावर चालणारे तीनशेच्या आसपास साचे. आम्ही गेलो तेव्हा मार्गदर्शक काकांनी त्यातले मोजकेच चालू केले. बायको शेजारी उभी राहून काहीतरी म्हणाली, तिचे फक्त ओठ हलले.

सांजवातताई, तुमच्या बाबांचं शंभर टक्के बरोबर. इथल्या विणकरणीही ओठ वाचायच्या. त्या अतिशयोक्त ओठ हलवण्याला लँकेशायरात 'मी-मॉ' म्हणतात. मार्गदर्शक म्हणाले, त्यांची आजी रिटायर झाल्यावरही बसच्या पलीकडच्या टोकाच्या बाईशी आवाज न करता गप्पा मारायची आणि अख्ख्या बसची गुपितं तिला माहीत असायची.

आणखी एक त्यांनी दाखवलं. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यात, नवी कांडी घातली की दोरा एका बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. त्यासाठी विणकर धोटा तोंडाला लावून दोरा ओठांनी ओढून घ्यायचे. दोऱ्याबरोबर तूस, तेल, आधीच्या माणसाची थुंकी, सगळं आत. दात जायचे, रोग पसरायचे. त्याला इथे 'धोट्याचा मुका' म्हणत. काकांनी धोटा तोंडाजवळ नेऊन दाखवला, लावला नाही.

फलाटावरच्या मुक्यावर एवढी चर्चा चाललीय म्हणून आठवलं.

विद्रोही_वडापाव

@पेनाईनवासी, हा प्रतिसाद मुख्य लेखात हलवा कोणीतरी.

सांजवात

काल रात्री पेनाईनवासींचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. इंजिनाचं नाव ऐकून मान हलवली. बसमधल्या आजीवर हसले. धोट्याचं आलं तेव्हा मला थांबवून हाताने दाखवलं, अंगठा कुठे, दोरा कुठे. इतक्या वर्षांत मी तो हात तसा हललेला पाहिला नव्हता. मग विचारलं, "त्येका काय म्हणतत म्हणालंस?"

मी परत सांगितलं.

"मुको?" म्हणाले. "मगे मी दिवसाक शंभर घेतलंय."

आई स्वयंपाकघरातून काय म्हणाली ते इथे देत नाही. बाबांनी दुसरा भाग परत लावायला सांगितलाय, संपाचा. मला ताप नाहीये, तरी बघणार आहे.